टीव्ही नसलेली घरे आणि आंबेडकरी चळवळ

"आमच्या घरात टीव्ही नाही" हे वाक्य आजकाल मोठ्या अभिमानाने सांगितले जाते. मुलांनी वाचावे, मन शांत राहावे, घरात बोलणे व्हावे, म्हणून शहरातली सुखवस्तू कुटुंबे टीव्ही काढून टाकतात आणि चार लोकांत त्याची चर्चाही करतात. त्यांनी तसे करण्याला आमची हरकत नाही. पण हेच वाक्य आमच्या वस्त्यांतही एका अख्ख्या पिढीने उच्चारले आहे. तेव्हा त्यात अभिमान नव्हता. परवडत नव्हता, एवढाच त्याचा अर्थ होता. २००१ च्या जनगणनेनुसार देशातल्या ३१.६ टक्के घरांत टीव्ही होता. २०११ मध्ये हे प्रमाण ४७.२ टक्के झाले. म्हणजे अगदी २०११ सालीसुद्धा या देशातली निम्म्याहून अधिक घरे टीव्हीविनाच जगत होती. ती घरे कोणाची होती, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

या घरांचा इतिहास कोणी लिहिला नाही. टीव्हीचा इतिहास लिहिणारे टीव्ही असलेल्या घरांचा इतिहास लिहितात. 'हम लोग', 'रामायण', क्रिकेटचा विश्वचषक, रविवारची सकाळ, आणि 'सारा देश एकत्र बसून पाहत होता' हे वाक्य. सारा देश म्हणजे कोण? तो कुठे बसला होता? आणि जे बसले नव्हते, ते त्या संध्याकाळी काय करत होते? आमचा लेख या तिसऱ्या प्रश्नाबद्दल आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, टीव्ही नसलेल्या आमच्या घरांत संध्याकाळ रिकामी नव्हती. तिथे आमची स्वतःची माध्यमे होती. टीव्ही आला तेव्हा त्याने ती संध्याकाळ घेतली, पण बदल्यात आम्हाला पडद्यावर जागा दिली नाही. आजच्या तरुणांनी टीव्हीचा, आणि खिशातल्या मोबाईलचाही, विचार या हिशेबातून करायला हवा.

पडद्याआधीची आमची माध्यमे

बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केले. त्यासाठी राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली होती. 'केसरी'ने 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही छापली नाही, हे बाबासाहेबांनी स्वतः नोंदवून ठेवले आहे. ही गोष्ट आपण वारंवार सांगतो, पण तिचा अर्थ पुरता लक्षात घेत नाही. दुसऱ्याच्या माध्यमात आपल्याला विकत घेऊनही जागा मिळत नाही, हा धडा आपल्याला शंभर वर्षांपूर्वीच मिळाला होता. त्यावर बाबासाहेबांचे उत्तर स्वतःचे माध्यम उभे करण्याचे होते. ३ एप्रिल १९२७ ला 'बहिष्कृत भारत', १९३० मध्ये 'जनता' आणि १९५६ मध्ये 'प्रबुद्ध भारत'. मध्ये खंड पडले, पैशाची ओढाताण झाली, 'बहिष्कृत भारत'चे रकानेच्या रकाने त्यांना एकट्याने लिहून काढावे लागले. पण ते थांबले नाहीत.

ज्या समाजात अक्षरओळख असलेली माणसे बोटावर मोजण्याइतकी होती, तिथे वृत्तपत्र चालते कसे? ते वाचून दाखवले जात होते म्हणून. वस्तीत एक जण वाचणार, बाकीचे ऐकणार, मध्येच थांबवून विचारणार. एका अंकाचे वाचक एक नसत, एक वस्ती असे. आणि ऐकणाऱ्याला प्रश्न विचारता येत होता, ही त्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. टीव्हीच्या पडद्याला कोणी कधी मध्येच थांबवून विचारले आहे का?

दुसरे माध्यम म्हणजे आंबेडकरी जलसा. भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी तमाशाचाच साचा घेतला आणि आतला माल बदलला. गणात गणपतीऐवजी बाबासाहेबांना वंदन आले, कृष्णाची गवळण बाजूला पडली, वगात अस्पृश्यता, सावकारी, अंधश्रद्धा, मेलेले जनावर ओढण्याची सक्ती, मुलांचे शिक्षण हे विषय आले. पुढे वामनदादा कर्डक गावोगाव फिरले. कॅसेटच्या काळात विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे यांचे आवाज वस्तीवस्तीत पोहोचले. नाका, चौक, विहाराचा ओटा ही आमची प्रक्षेपण केंद्रे होती. त्यासाठी ना सरकारची परवानगी लागत होती, ना जाहिरातदार.

१९७२ : एकाच शहरात दोन सुरुवाती

देशातले पहिले टीव्ही प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ ला दिल्लीत झाले. मुंबईत दूरदर्शन केंद्र सुरू झाले ते २ ऑक्टोबर १९७२ ला. त्याच वर्षी, त्याच मुंबईत दलित पँथर जन्माला आली होती. ऑगस्टमध्ये 'साधना'च्या अंकातला राजा ढाले यांचा लेख गाजला, त्यावर वादळ उठले, आणि पँथरचे नाव महाराष्ट्रभर झाले. हे सगळे एका छापील लेखाने, पत्रकांनी, लघुनियतकालिकांनी आणि चाळींच्या मैदानांवरील सभांनी घडवले. जानेवारी १९७४ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींत दंगल पेटली तेव्हा बातमी पोहोचवायला पँथरकडे पाय होते आणि आवाज होता.

त्या काळात टीव्ही ही श्रीमंताची वस्तू होती. संच महाग, वर त्याचा परवाना काढायचा, तोही पोस्टात जाऊन दरवर्षी नूतन करायचा. चाळीत एखाद्याच घरी संच असे. छायागीत किंवा शनिवार-रविवारचा सिनेमा पाहायला शेजारची पोरे तिथे जमत. ही आठवण आज गोड करून सांगितली जाते. आमच्या समाजातल्या अनेकांच्या आठवणीत मात्र त्या घराचा उंबरठा आहे. कोणी सतरंजीवर बसायचे, कोणी दारात उभे राहायचे, कोणी खिडकीच्या गजांतून पाहायचे, आणि कोणाच्या तोंडावर दार लोटले जायचे, हे कोणी फळ्यावर लिहून ठेवत नव्हते. ते सगळ्यांना माहीत असायचे. खेड्यात तर विचारायलाच नको. पाटलाच्या वाड्यात टीव्ही आला म्हणून गावात टीव्ही आला, असे म्हणण्याची पद्धत होती.

याच काळात चळवळीने काय केले ते पाहा. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात आमच्या वस्त्या पेटवल्या गेल्या. १९७९ मध्ये नागपूरच्या दीक्षाभूमीवरून औरंगाबादच्या दिशेने लाँग मार्च निघाला. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार होईपर्यंत हा लढा सोळा वर्षे चालला. त्या वस्त्यांतल्या बहुतेक घरांत टीव्ही नव्हता. तरीही कुठे काय जळले, कोण मारले गेले, मोर्चा कोणत्या दिवशी निघणार, हे घराघरात माहीत होते. टीव्ही नसल्याने आम्ही बातमीला मुकलो नाही, कारण आमची बातमी टीव्हीवर नव्हतीच.

एक वेगळा टीव्ही शक्य होता

टीव्ही हे यंत्रच वाईट, असे आम्ही म्हणत नाही. याच देशात दोन प्रयोग झाले. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या वर्षात 'साइट' नावाच्या प्रयोगात उपग्रहाद्वारे सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत कार्यक्रम दाखवले गेले. तिथे संच एकाच्या घरात नव्हता, सार्वजनिक जागी होता. गुजरातच्या खेडा जिल्ह्यात इस्रोच्या अहमदाबाद केंद्राने त्याच सुमारास स्थानिक टीव्ही चालवला. जातीभेद, शेतमजुरांची किमान मजुरी, पिळवणूक हे विषय त्यांनी गावकऱ्यांनाच सहभागी करून मांडले. १९८४ मध्ये त्या कामाला युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला.

मग हा रस्ता सोडला का गेला? १९८२ मध्ये रंगीत टीव्ही आला, दिल्लीत आशियाई खेळ झाले, पुढच्या दोन-तीन वर्षांत देशभर प्रक्षेपक उभे राहिले आणि प्रायोजित मालिकांचे दिवस सुरू झाले. सार्वजनिक जागेतला संच मागे पडला, दिवाणखान्यातला संच पुढे आला. शेतमजुराच्या मजुरीवरचा कार्यक्रम साबण विकणाऱ्याच्या काय कामाचा?

१९८७-८८ : दोन रामायणे, दोन मागण्या

आता ज्या दोन वर्षांकडे प्रत्येक आंबेडकरी तरुणाने नीट पाहायला हवे, त्यांच्याकडे येऊ.

२५ जानेवारी १९८७ रोजी दूरदर्शनवर रामानंद सागर यांचे 'रामायण' सुरू झाले. धर्मनिरपेक्ष म्हणवणाऱ्या सरकारच्या वाहिनीवर, दर रविवारी सकाळी. लोक आंघोळ करून, टीव्हीला हार घालून, उदबत्ती लावून बसत. रस्ते ओस पडत. एका मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून काळाराम मंदिरासमोर १९३० पासून पाच वर्षे सत्याग्रह करणाऱ्या समाजाच्या घरात आता राम स्वतःच चालत आला होता. हप्त्यावर संच घेणाऱ्या आमच्या घरांतही आला.

त्याच १९८७ साली महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन-भाषणांचा चौथा खंड प्रकाशित केला. हाच तो 'रिडल्स इन हिंदुइझम'. वसंत मून यांच्या संपादनाखाली निघालेल्या या खंडाच्या परिशिष्टात राम आणि कृष्ण यांची चिकित्सा होती. एका बाजूला रविवारी सकाळी पडद्यावरचा राम, दुसऱ्या बाजूला बाबासाहेबांच्या हस्तलिखितातून बाहेर आलेला प्रश्न. जानेवारी १९८८ मध्ये अमरावतीत खंडाची प्रत जाळली गेली. मुंबईत तो मजकूर वगळावा म्हणून मोर्चा निघाला. मग ५ फेब्रुवारी १९८८ ला आंबेडकरी जनता लाखोंच्या संख्येने मुंबईच्या रस्त्यावर उतरली. शेवटी परिशिष्ट राहिले. त्यातल्या मतांशी शासन सहमत आहेच असे नाही, अशी टीप तेवढी जोडली गेली.

विचार करा. ज्या हंगामात रस्ते टीव्हीमुळे ओस पडत होते, त्याच हंगामात एका पुस्तकातली काही पाने वाचवण्यासाठी आमच्या आया-बहिणींनी मुंबईचे रस्ते भरून टाकले. त्यातल्या कितीतरी जणींना ते इंग्रजी पुस्तक वाचता येत नव्हते. पण ते कोणाचे आहे आणि का जाळले, हे त्यांना ठाऊक होते. ते त्यांना कोणी सांगितले? दूरदर्शनने नक्कीच नाही. ते सांगितले विहाराने, गाण्याने, सभेने आणि शेजारणीने.

त्याच वर्षी पंजाबात दुसरी गोष्ट घडली. जुलै १९८८ अखेर 'रामायण' रामाच्या राज्याभिषेकावर संपणार होते. उत्तरकांड, म्हणजे सीतेचा त्याग, वाल्मीकींचा आश्रम, लव-कुश हा भाग त्यात नव्हता. जालंधरच्या सफाई कामगारांनी संप पुकारला. ते वाल्मीकी समाजाचे होते आणि आपले वाल्मीकी पडद्यावर दिसले पाहिजेत, ही त्यांची मागणी होती. संप उत्तर भारतातल्या इतर शहरांत पसरला. कचऱ्याचे ढीग साचले, रोगराईची भीती पसरली, आणि सरकार झुकले. पुढच्या कथेचे भाग तयार करून दाखवले गेले.

या संपाची थट्टा करणारे पुष्कळ आहेत. आम्ही करत नाही. देशातली शहरे आपल्या झाडूवर चालतात, ही ताकद त्या कामगारांनी ओळखली आणि वापरली. पडद्यावर आपला माणूस दिसावा असे वाटणे ही माणूसपणाचीच मागणी आहे. पण परिणाम काय झाला तोही पाहू. मालिका वाढली. वाल्मीकी दिसले. आणि दुसऱ्या दिवशी झाडू त्याच हातात राहिला, गटारात उतरणारे पायही तेच राहिले. देश ठप्प करण्याची ताकद लावून जे मिळवले, ते दुसऱ्याच्या कथेतले एक प्रकरण होते. कथा कोणाची, हा प्रश्न तसाच राहिला.

मुंबईचा मोर्चा आणि जालंधरचा संप यांत काही महिन्यांचेच अंतर आहे. दोन्हीकडे आमचीच माणसे, दोन्हीकडे तेवढीच जिद्द. एकीकडे मागणी होती स्वतःच्या लिखाणाच्या रक्षणाची, दुसरीकडे परक्या पडद्यावर जागेची. त्या पडद्याचे पुढे काय झाले हेही इतिहासात आहे. ऑगस्ट १९९० मध्ये मंडल आयोगाच्या अंमलबजावणीची घोषणा झाली, सप्टेंबरमध्ये रथयात्रा निघाली, आणि १९९१ च्या लोकसभा निवडणुकीत 'रामायण'मधली सीता आणि रावण साकारणारे दोन्ही कलाकार भाजपच्या तिकिटावर खासदार झाले. हे सगळे एका मालिकेने घडवले असे कोणी म्हणणार नाही. पण रविवारच्या सकाळी फुकट वाया जात नसतात, एवढे नक्की.

संच आला, जागा आली नाही

नव्वदच्या दशकात केबल आली, संच स्वस्त झाले, पत्र्याच्या घरांवरही अँटेना आणि नंतर डिश दिसू लागल्या. 'आता आपणही मुख्य प्रवाहात आलो' असे वाटू लागले. मग ११ जुलै १९९७ उजाडला. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पुतळ्याच्या विटंबनेचा निषेध करणाऱ्यांवर राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला. दहा जण गेले. जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, असे समर्थन पुढे केले गेले आणि ते दूरवर पोहोचले. गुंडेवार आयोगाने तो गोळीबार असमर्थनीय ठरवायला आणि सत्र न्यायालयाने २००९ मध्ये पोलीस अधिकाऱ्याला शिक्षा सुनावायला जो काळ गेला, त्या काळात त्या वस्तीची बाजू कोणत्या 'प्राइम टाइम'ला आली? ती बाजू जतन केली शाहिरांनी, आणि आनंद पटवर्धन यांच्या 'जय भीम कॉम्रेड' या माहितीपटाने. चौदा वर्षे खपून बनवलेला तो माहितीपट वस्त्यावस्त्यांत पडदे लावून दाखवला गेला.

२९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. देशपातळीवरच्या वाहिन्यांना तिची खरी दखल घ्यावी लागली ती नोव्हेंबरमध्ये विदर्भातली आंबेडकरी जनता रस्त्यावर आल्यावर. मधल्या आठवड्यांत कार्यकर्त्यांनी गावात जाऊन माहिती जमवली, पत्रके काढली, फोटो हातोहात फिरवले. 'मूकनायक'च्या काळातले हे काम केबलच्या काळातही आम्हालाच करावे लागले.

याचे कारण शोधायला दूर जायला नको. त्याच २००६ साली दिल्लीतल्या ३७ माध्यमसंस्थांमधल्या निर्णय घेणाऱ्या ३१५ वरिष्ठ पत्रकारांची पाहणी झाली. त्यांत एकही दलित किंवा आदिवासी आढळला नाही. २०१९ च्या ऑक्सफॅम-न्यूजलाँड्री अहवालातही नेतृत्वाच्या १२१ पदांपैकी १०६ पदांवर उच्चवर्णीय होते, अनुसूचित जाती-जमातींचा एकही नाही. बातमी कुठली, तिला किती मिनिटे, चर्चेला कोण, हे ठरवणाऱ्या खोलीत आम्ही नाही. आमच्या घरात संच असण्याने त्या खोलीत खुर्ची मिळत नाही.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा की, २०१९ मध्ये बाबासाहेबांच्या जीवनावर मराठी वाहिनीवर मालिका आली, ती आपण सहकुटुंब पाहिली, मग टीव्हीला नावे का ठेवता? पाहिली, आणि बरे वाटले, हे खरे. लहान मुलांना भिवा ओळखीचा झाला. पण ती मालिकाही टीआरपीच्या गणितावर चालणाऱ्या वाहिनीची होती. बाबासाहेबांचे बालपण, दुःख, संसार दाखवणे त्या गणितात बसते. 'जातिप्रथेचे विध्वंसन' रोज अर्धा तास वाचून दाखवणे बसत नाही. मालिकेने दार उघडले असेल, तर आत जाण्यासाठी पुस्तकच उघडावे लागेल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो घरातल्या बाईचा आहे. पुरुष विहारात जातो, सभेला जातो, चौकात बसतो. दिवसभर राबलेल्या बाईला विरंगुळा म्हणून तेवढा टीव्हीच असतो, तोही काढून घ्यायचा? हा प्रश्न रास्त आहे. टीव्ही बंद करण्याचा निर्णय पुरुषाने घ्यायचा आणि रिकाम्या संध्याकाळी चुलीशी बाईने बसायचे, असला त्याग आम्हाला नको. संध्याकाळ खरोखर चळवळीची करायची तर स्वयंपाक वाटून घ्यावा लागेल, आणि विहारातल्या वाचनाला बाईची जागा पहिल्या रांगेत असावी लागेल. ५ फेब्रुवारीच्या मोर्चातल्या बाया टीव्हीसमोरून उठून आल्या नव्हत्या. त्या महिला मंडळांतून, वंदनेतून, गाण्यांच्या मेळ्यातून आल्या होत्या.

मग करायचे काय?

आज प्रश्न संचापुरता उरलेला नाही. "आमच्याकडे टीव्ही नाही" म्हणणाऱ्या तरुणाच्या हातात मोबाईल असतो आणि रात्री दीडपर्यंत तो तेच पाहतो, फक्त एकटा पाहतो. मोबाईलमुळे आमच्या यूट्यूब वाहिन्या उभ्या राहिल्या, ज्या बातम्या कोणी दाखवत नव्हते त्या आम्ही दाखवू लागलो, हे मोठे काम आहे. पण आपली बातमी पुढे पाठवली म्हणजे वस्तीत पोहोचली असे होत नाही.

म्हणून आम्ही कोणाला टीव्ही फोडायला सांगत नाही. घेणे न घेणे ज्याच्या त्याच्या घरचा निर्णय. आमचे सांगणे तीन गोष्टींचे आहे. आठवड्यातली निदान एक संध्याकाळ संच आणि मोबाईल बंद ठेवून वस्तीत एकत्र वाचन करा. एकाने वाचावे, बाकीच्यांनी थांबवून विचारावे. दुसरे, विहारात पडदा लावा आणि जे पाहायचे ते सगळ्यांनी मिळून पाहा, पाहून झाल्यावर त्यावर बोला. तिसरे, नामांतराच्या, रिडल्सच्या मोर्चांत चाललेल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी त्यांच्या हयातीत लिहून काढा. त्या माणसांची नोंद कोणत्याही वाहिनीच्या संग्रहात नाही.

६ डिसेंबरला दादरला येणारा माणूस गर्दीतून वाट काढत पुस्तकांच्या स्टॉलपाशी थांबतो, पदराच्या गाठीतले पैसे सोडून आई मुलासाठी पुस्तक घेते. हे चित्र टीव्हीवर क्वचितच दिसते. वाहतूक कोंडी मात्र न चुकता दिसते. ते पुस्तक घरी गेल्यावर उघडले जाते की संचाच्या शेजारी शोभेला ठेवले जाते, यावर चळवळीची पुढची पन्नास वर्षे अवलंबून आहेत. आणि ते ठरवण्याचा अधिकार अजून तरी कोणत्याही वाहिनीकडे गेलेला नाही. तो आपल्याच हातात आहे.

जय भीम!